प्रेमकथा लिहिणाऱ्यांनो, त्या दोघांना अडवता कशावर?

जुईचाफा

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं प्रेमकथा लिहितेय. दोन कादंबऱ्या छापून आल्या, बाकी सगळं क्रमशः, दर आठवड्याला एक भाग, फोनवर वाचणाऱ्यांसाठी. घर बोरिवलीला, नोकरी फोर्टला, त्यामुळे लिखाण गाडीतच होतं. खिडकी मिळाली तर अंधेरी यायच्या आत एक प्रसंग उभा राहतो. नाही मिळाली तर उभ्या उभ्या संवाद तेवढे टिपून ठेवते आणि रात्री ओटा आवरल्यावर नीट लिहून काढते.

आता प्रश्नाकडे येते. नवी कादंबरी सुरू केलीय. ती परळच्या एका हॉस्पिटलात लॅबमध्ये, बहुतेक रात्रपाळीला. तो दादरच्या फूलमार्केटात वडिलांचा गाळा सांभाळतो. तिची पाळी संपते तेव्हा त्याचा दिवस ऐन भरात असतो, म्हणून दोघं भेटतात पहाटेच. त्यासाठी मी स्वतः पहाटे मार्केटात जाऊन बसले. गजरे करणाऱ्या मावश्या दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला अडकवतात, दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, एक वेढा, एक गाठ. सुई नाही. बोटांकडे बघतसुद्धा नाहीत, शेजारणीशी भांडण चालू असतं. हे सगळं कादंबरीत आलंय आणि छान आलंय असं मला वाटतं.

पण पन्नासेक पानांत दोघं प्रेमात पडून मोकळे झाले! आता वाचक विचारणार, मग लग्न का करत नाहीत? घरच्यांचा विरोध म्हणावा तर नेहमीचंच. कारस्थानी आत्या मला लिहायची नाही. गैरसमज दाखवावा तर फोन उचलून विचारता येतं.

माझं ठाम मत असं आहे की प्रेमकथेत प्रेम लिहिणं अवघड नाही, खरी अडचण सापडणं अवघड आहे. आणि ती घरात बसून सुचत नाही, ती त्या गावातून यावी लागते. मुंबईतली जोडी असेल तर मुंबईनंच त्यांना अडवलं पाहिजे. तुम्ही काय बघितलंय, ऐकलंय? लिहिणाऱ्यांनी सांगाच, न लिहिणाऱ्यांनी आधी सांगा.

लोकलवीर

गाडीत लिहिता? साष्टांग नमस्कार. मी त्याच गाडीत स्वतःचा हात शोधत असतो.

मोगरा_पार्ले

ताई, लेडीज स्पेशलने जात असाल तर बाहेर कुठे जायची गरजच नाही. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल सुटली, चर्चगेट ते बोरिवली. माझी आई सुरुवातीपासून तिच्यात होती. डब्यात डोहाळजेवणं झाली, हळदीकुंकू झालं, भाज्या निवडून झाल्या. एकीचं लग्न ठरत होतं ते दादर ते चर्चगेट अख्ख्या डब्यानं मिळून मोडलं, आणि बरं झालं मोडलं, मुलाचं दुसरीकडे आधीच जमलेलं होतं.

गिरगावचा_शेजारी

अडचण म्हणजे जागा. एवढंच उत्तर आहे माझं.

एका खोलीत सात माणसं, खोलीबाहेर सामायिक गॅलरी, गॅलरीच्या टोकाला नळ. दोघांना दोन वाक्यं बोलायची तर कुठे? गच्चीवर पापडांची राखण करणाऱ्या आज्या. जिन्यात पोरं. मग चौपाटी. तिथे मामा भेटणार. मुंबईतली लग्नं किती तरी वर्षं केवळ ‘खोली नाही’ म्हणून लांबली. माझ्या काकानं साखरपुड्यानंतर काही वर्षं वाट बघितली, कारण धाकट्या आत्याचं लग्न झाल्याशिवाय माळ्यावरसुद्धा जागा होत नव्हती. त्या वर्षांत तो काकूला रोज राणीच्या बागेत भेटायचा. दोघांना तिथल्या झाडांची नावं तोंडपाठ आहेत, आजही.

तन्वी_न

काकांची गोष्ट गोड आहे, पण चाळ पुरे आता. आम्ही वाचक चाळीबाहेर आलोय, लेखकच अजून गॅलरीत उभे आहेत.

गिरगावचा_शेजारी

@तन्वी_न, जागेची अडचण चाळीतून टॉवरमध्ये गेली म्हणून संपली का? भाड्यानं घर घ्यायला जा दोघं, लग्न न झालेले. सोसायटीचे सेक्रेटरी काय विचारतात ते ऐका आणि मग सांगा.

तन्वी_न

हे मात्र पटलं. आम्ही तेच भोगलंय. दलालानं सरळ सांगितलं, ‘मॅडम, भाऊ-बहीण सांगा.’

वरळीकर_बीडीडी

चाळीवरून राहवलं नाही म्हणून लिहितो. आमचा जन्म बीडीडीतला. १९२० च्या दशकात सरकारनं बांधलेल्या चाळी, एकेक खोली १६० चौरस फूट. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर. वरळीत पहिल्या चाव्या २०२५ मध्ये मिळाल्या, तेव्हा माझे वडील नव्या घराच्या खोल्यांतून नुसते फिरत होते, बसायला तयार नव्हते.

जुईचाफा, तुम्ही अडचण विचारली ना? आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या होत्या. एकीत मुलगा, एकीत मुलगी. रात्री सगळ्यांची दारं उघडी असायची, वारा यायला. वीसेक फुटांवर एकमेकांना अभ्यास करताना बघत मोठे झाले. दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती, रोज समोर होतेच. मग संक्रमण शिबिर. मग सोडत. घरं लांब लांब लागली. आता लिफ्ट, बंद दार, डोअरबेल. बेल दाबायला काहीतरी कारण लागतं! दारच बंद झाल्यावर दोघांना कळलं की आपल्याला नक्की काय हवंय.

पुढचं सांगत नाही, माणसं ओळखीची आहेत. पण वाईट झालेलं नाही एवढं सांगतो.

जुईचाफा

वरळीकर, अंगावर काटा आला. घर मोठं झालं आणि भेट अवघड झाली. ही तर वेगळी कादंबरी आहे, ती तुम्हीच लिहा.

वाचनालयवाले_काका

धागा उशिरा पाहिला. लालबागला आमचं फिरतं वाचनालय होतं, महिन्याची वर्गणी भरायची आणि पुस्तक न्यायचं. कपाटात इतिहासाची जाडजूड पुस्तकं समोर, आणि प्रेमकथा आतल्या रांगेत. पण चालायचं वाचनालय त्या आतल्या रांगेवर. दुपारी बायका मुलांच्या हातात चिठ्ठी द्यायच्या, ‘काकोडकरांचं नवीन असेल तर द्या.’ पुस्तक परत यायचं तेव्हा पानांवर हळदीची बोटं. कुठल्या पानावर जास्त बोटं आहेत त्यावरून मला कळायचं की वाचणारी कुठे थबकली.

चंद्रकांत काकोडकरांचं नाव आजच्या पोरांना ठाऊक नसेल. १९६२ च्या एका दिवाळी अंकातल्या कथेबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयात दोषी ठरले, पण लढत राहिले आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष ठरवलं. त्याच वर्षी त्यांच्या कादंबरीवर बेतलेला एक हिंदी सिनेमा थिएटरांत जोरात चालत होता. प्रेमकथा लिहिणं म्हणजे मऊ काम नव्हे, हे मला त्या माणसानं शिकवलं. आजही कायद्याचे विद्यार्थी त्या निकालाचा अभ्यास करतात.

माझी विनंती एकच, या लेखनाला ‘हलकं’ म्हणू नका. गिरणीतून थकून आलेला माणूस आणि दिवसभर राबलेली बाई, दोघांनी मिळून वाचलेलं साहित्य आहे ते.

इरावती_ज

काका, अगदी. आणि फडक्यांना कसे विसरलात? ना. सी. फडके तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, आणि लिहिल्या काय तर प्रेमकथा. १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरी रचायची कशी याचं तंत्रच मांडून ठेवलं. प्रेरणा-बिरणा नंतर, आधी बांधणी, असा त्यांचा खाक्या. जुईचाफा, तुमचा प्रश्न त्यांना विचारला असता तर त्यांनी गुंतागुंत कुठल्या प्रकरणात आणायची ते आखून दिलं असतं.

मंदार_मुलुंड

फडक्यांच्या नायकांना नोकरीची चिंता कधी होती का पण? सुंदर बंगले, टेनिस, चांदणं. मी खांडेकरांच्या बाजूचा. कला जीवनासाठी.

इरावती_ज

झालं, ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ सुरू. हा वाद आपल्या आजोबांनी घातलाय, आपण नवीन घालूया.

फूटपाथवाचक

मी मराठी प्रेमकथांच्या आधी माटुंग्याच्या फूटपाथवरची मिल्स अँड बून वाचली. किंग्ज सर्कलला पुस्तकवाले बसतात तिथून घ्यायची, वाचून परत करायची, अर्धे पैसे परत. ती कंपनी १९०८ ची, पण मला तर वाटायचं मुंबईतच छापतात, इतकी जिकडेतिकडे. त्यात मला एक गोष्ट फार आवडायची. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक, तरी मधे जीव टांगणीला. म्हणजे ‘काय होणार’ याची उत्सुकताच नाही, ‘कसं होणार’ याची आहे. ताई, तुमच्या वाचकांनाही लग्न होणार हे माहीतच आहे. त्यांना वाट हवीय.

लोकलवीर

अवांतर: बार्बरा कार्टलंड सोफ्यावर पडून कादंबऱ्या सांगायच्या आणि सेक्रेटरी लिहून घ्यायची. सातशेच्या वर पुस्तकं झाली. जुईचाफा ताईंनी फोनला बोलून लिहावं की, हात मोकळे राहतील.

जुईचाफा

करून बघितलंय! मालाडला गाडी थांबली तेव्हा फोनला हळूच सांगत होते, ‘त्यानं तिच्या केसांत गजरा माळला आणि…’ शेजारच्या काकूंनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, ‘आणि काय?’ चर्चगेट येईपर्यंत चार जणींना सगळं प्रकरण सांगावं लागलं. त्यातल्या एकीनं संवाद सुधारून दिला, तो तसाच ठेवलाय.

मोगरा_पार्ले

ठ्ठो!! कुठला संवाद ते सांगा ना.

वकील_नलिनी

मूळ प्रश्नावर येते. तुम्हाला खरी, मुंबईच्या ऑफिसात रोज दिसणारी अडचण हवीय ना? मग विशेष विवाह कायदा, १९५४ घ्या.

दोघं वेगवेगळ्या धर्मांचे असतील आणि धर्म न बदलता लग्न करायचं असेल तर बहुतेक जण हाच रस्ता धरतात. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती नोटीस कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. मग ३० दिवस थांबायचं, त्या मुदतीत कुणीही हरकत घेऊ शकतं. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटीस तिकडच्या कार्यालयातही जाते आणि तिकडेही लागते. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आणि लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार.

लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. ‘आम्हाला पसंत नाही’ ही कायद्यानं हरकत नाही. वय, आधीचं लग्न, मनःस्थिती, निषिद्ध नातं, असल्याच मुद्द्यांवर हरकत चालते. पण फळ्यावरचं नाव वाचून कुणी घरी फोन केला, तर त्याला कायदा काही करत नाही. माझ्याकडे येणारी मुलं कायद्याला घाबरत नाहीत, फळ्याला घाबरतात. तो महिना दोघं कसा काढतात हे मी बघितलंय. फोन वाजला की दचकतात. ऑफिसात कुणी ‘काय विशेष?’ म्हटलं तरी चेहरा उतरतो. एकमेकांवर चिडतात, मग रडतात. त्यावर कुणी लिहिलं पाहिजे असं मला फार दिवस वाटतंय.

मंदार_मुलुंड

पण दोघं हिंदू असतील तर कुठली नोटीस? देवळात विधी करून मग नोंदणी करतातच की लोक. फूलवाला आणि लॅबवाली दोघं हिंदू असतील तर हा सगळा डोलारा कोसळला.

वकील_नलिनी

बरोबर, हिंदू विवाह कायद्यात ही महिन्याची नोटीस नाही. धागाकर्तीनं दोघं कोण ते सांगितलेलंच नाही अजून, म्हणून म्हटलं.

जुईचाफा

नलिनीताई, मी खुर्चीतून उठून उभी राहिले. तीस दिवस! कुणीच खलनायक नाही, फक्त एक फळा आणि एक मुदत.

नायिकेचं आडनाव मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. ती मरोळ गावठाणातली ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली केली तर? घरात मराठीच बोलते, चर्चमध्ये जाते, आणि पहाटे त्याच्याकडून फुलं घेते ती घरच्या क्रॉससाठी. म्हणजे पहिल्या भेटीपासून फुलांना कारण मिळालं.

मरोळची_लेक

मी त्याच समाजातली, म्हणून आनंदानं लिहिते आणि थोडी काळजीनंही. सिनेमांनी आमचं काय केलंय ते माहितेय ना, दारू, डान्स आणि ‘मॅन’ म्हणत बोलणारे अंकल. आम्ही इथल्या मातीतले, शेती-मासेमारी करणारे. आमच्या म्हाताऱ्या लुगडं नेसायच्या. बॉटल मसाला घरोघरी वेगळा आणि प्रत्येकीला वाटतं आपलाच खरा. तिच्या डब्यात तो वास येऊ द्या. आणि तिच्या आईला समजूतदार करा. माझी आई पहिल्यांदा फक्त एवढंच म्हणाली होती, ‘जेवतो काय तो?’

तन्वी_न

‘जेवतो काय तो?’ आया सगळीकडे सारख्याच!

परळ_पूर्व

तीन साक्षीदारांवरून आमचंच आठवलं. आमचं लग्न याच कायद्यानं झालं. दोन मित्र आले. तिसरा दाराशी येऊन परत गेला, त्याच्या वडिलांना कळलं होतं. आमचा नंबर जवळ आलेला. बायको (तेव्हा व्हायची होती) बाकावर बसून ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती. मी खाली झेरॉक्सच्या दुकानात गेलो, आणखी एक प्रत काढायच्या निमित्तानं, खरं तर मला जरा एकटं उभं राहायचं होतं. दुकानदारानं कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, ‘कितवा नाही आला?’ मी म्हटलं तिसरा. त्यानं मशीन बंद केलं, गल्ल्याला कुलूप लावलं, खिशातून कंगवा काढून केस नीट केले आणि म्हणाला, ‘चला.’

सही झाल्यावर त्यानं झेरॉक्सचे पैसे मात्र घेतले. दर वाढदिवसाला, म्हणजे लग्नाच्या, आम्ही त्याच्याकडे पेढे घेऊन जातो.

मोगरा_पार्ले

रडवलंत हो.

जुईचाफा

परळ_पूर्व, तुमची हरकत नसेल तर हा माणूस मला हवाय. पण आधी तुमच्या दोघांची परवानगी हवी, नुसती तुमची नाही.

सुनीता_ठाणे

हे विचारलंत ते फार बरं केलंत. माझ्या नणंदेनं मैत्रिणीला विश्वासानं सांगितलेली गोष्ट त्या मैत्रिणीनं नाव बदलून लिहिली. गाव तेच, नोकरी तीच, चष्म्याचा रंगसुद्धा तोच. नणंदेच्या सासरी पोचली ती गोष्ट. कौतुक झालं लेखिकेचं, आणि घरात महिनाभर अबोला नणंदेच्या वाट्याला.

मंदार_मुलुंड

पण असं केलं तर कुणी काही लिहायचंच नाही. लेखक काय आकाशातून आणणार? सगळं कुणाचं तरी असतंच.

वाचनालयवाले_काका

मंदार, घेऊ नये असं कुणी म्हटलं नाही. उघडं पाडू नये एवढंच. मुलुंडची गोष्ट वसईला न्या, शिक्षिकेची नर्स करा. वेदना तीच राहते, ओळख राहत नाही. चांगल्या लेखकाला चष्म्याचा रंग उसना घ्यावा लागत नाही.

सुनीता_ठाणे

काका, हेच म्हणायचं होतं.

परळ_पूर्व

बायकोला विचारलं. ती म्हणाली घ्या, पण ओढणीच्या गाठी नको, त्या माझ्या आहेत. झेरॉक्सवाल्या भाईंनाही विचारलं. त्यांना नायक करता येईल का, असं त्यांचं म्हणणं पडलं.

जुईचाफा

गाठी तुमच्याच राहतील, शब्द देते. झेरॉक्सचं दुकानही ठेवणार नाही. साक्षीला ऐनवेळी उभा राहणारा अनोळखी माणूस, एवढंच घेते. भाईंना माझा नमस्कार, त्यांचं कादंबरीतलं प्रकरण मोठं असेल असं सांगा.

तर आता आराखडा असा. नोटीस लागते घटस्थापनेच्या आसपास. नवरात्र, दसरा, दिवाळी, म्हणजे मार्केटात झेंडूचे ढीग, त्याला झोपायला वेळ नाही. तिला रात्रपाळी. दोघांना एकमेकांचा आधार सगळ्यांत जास्त हवा तेव्हाच भेटायला सवड सगळ्यांत कमी. एकेका पहाटेचं एकेक छोटं प्रकरण, काही पहाटा चुकलेल्यासुद्धा. भांडतील, तिला एकदा सगळं सोडून द्यावंसं वाटेल. त्याच्या गाळ्यावरच्या कुणीतरी तो फळा वाचलाय हे वाचकाला आधी कळेल, त्या दोघांना नंतर.

प्रेरणा कुठून येते असं मुलाखतींत विचारतात तेव्हा मला उत्तर देता यायचं नाही. माझ्याकडे ती अशी येते, माणसं बोलतात आणि मी ऐकते. त्यानंतर मात्र गाडीत बसून रोज लिहावं लागतं, सुचो न सुचो. ज्या दिवशी सुचत नाही त्या दिवशी मी मार्केटचं वर्णन लिहिते. ते कुठे ना कुठे लागतंच.

तन्वी_न

दसऱ्याच्या आदल्या रात्री तो झेंडूच्या ढिगावर बसल्या बसल्या झोपलाय आणि ती पाळी संपवून येते, त्याला उठवत नाही, त्याच्याऐवजी गिऱ्हाईक सांभाळते. हा प्रसंग हवाच. भाव चुकीचा सांगेल ती, चालेल.

वकील_नलिनी

सुंदर. फक्त तारखा नीट मोजा. नोटीस लागल्यापासून ३० दिवस धरा, नाहीतर माझ्यासारखी वाचक पत्र पाठवेल. आणि दिवाळीच्या सुट्ट्यांत कार्यालय बंद, तोही एक धक्का देता येईल.

इरावती_ज

बघा, बांधणीच करताय. फडके खूश झाले असते.

मंदार_मुलुंड

नायकाला नोकरीधंदा आहे, मध्यरात्री उठून टेम्पो उतरवतो. खांडेकरही खूश.

जुईचाफा

मरोळची_लेक, एक मदत हवी. शेवटच्या प्रकरणात कोर्टातल्या सहीनंतर तिची आई घरी उंबराचं पाणी करायचं ठरवते असं डोक्यात आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

मरोळची_लेक

व्यनि कशाला, इथेच सांगते. ते लग्नाच्या आदल्या दिवशी असतं, सहीनंतर नव्हे. गाणी म्हणत, बँड लावून सगळे विहिरीवर जातात आणि पाणी आणतात, त्यानं नवरीला किंवा नवऱ्याला न्हाऊ घालायचं. तेव्हा आईला ते आदल्या दिवशीच करू दे, आणि सहीची तारीख तिला कुणी सांगितली हे शोधून काढा. माझ्या मते तिनं स्वतः जाऊन फळा वाचलेला असावा.

जुईचाफा

आईनं फळा वाचलाय! गाळ्यावरच्या माणसानं नाही, आईनं. बांद्र्याला गाडी थांबलीय, बाकीचं प्रकरण चर्चगेटपर्यंत होतंय.